खांबाची कंबर

सामान हलवणाऱ्यांच्या धंद्यात त्याला सगळे खांब म्हणायचे, आणि हे नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. उंची सहा फूट, वजन एकशे चार किलो, आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्याची बायको सांगायची की पहिल्यांदा भेटले तेव्हा हे तासाभरात दोनदा बोलले, एकदा 'हो' आणि एकदा 'पाणी'. असा हा माणूस एका मंगळवारी भरदुपारी तरणतलावाच्या तिकीटखिडकीपाशी उभा राहून, ओळख ना पाळख अशा एका आजोबांना आपल्या कंबरेची हकिकत सांगत होता. पाच मिनिटं नाही, दहा मिनिटं नाही, चांगली पंचवीस मिनिटं. आजोबांचं पोहणं राहिलं. खिडकीत तिकिटं फाडणारी त्याची बायको कपाळाला हात लावून हसत होती. आता हे अक्रीत घडलं कसं ते पहिल्यापासून ऐका, मधूनच सांगण्यात मजा नाही.

धंदा दोघांचा होता, खांबाचा आणि त्याच्या साडूचा. साडूला म्हणायचे भोंगा, कारण तो गल्लीच्या या टोकाला बोलला की त्या टोकाची मांजरं उठून बसायची. दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केलेल्या, थोरली भोंग्याची, धाकटी खांबाची. एक बंद ट्रक, बारा जाड गोधड्या, पट्ट्यांचे चार जोड आणि एक कुरकुरणारी ढकलगाडी, एवढ्यावर दोघांनी सव्वीस वर्षं लोकांचे संसार या जागेचे त्या जागी नेले. लिफ्ट नसलेल्या इमारती ही त्यांची खासियत. जिन्यावरून कपाट उतरवायचं तर एक माणूस वर आणि एक खाली, पट्टा खांद्यावरून घेऊन ओझ्याखालून काढायचा आणि निघायचं. भोंगा कायम वर. खांब कायम खाली.

यातली गोम अशी, की खालच्याने बोलायचं नसतं. खालचा उलटा उतरतो, पाठीमागची पायरी त्याला दिसत नाही, तो नुसता ऐकतो आणि पेलतो. बोलतो तो वरचा. 'एक पायरी. अजून एक. डावा खांदा आत. वळण आलं.' दोघांना ज्या म्हाताऱ्या मालकाने हे काम शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी खांबाला बजावलं होतं की खालच्याने तोंड उघडलं की दम सुटतो आणि दम सुटला की कपाट सुटतं. खांबाने ते असं काही मनावर घेतलं की पुढे कामावरच काय, घरीसुद्धा त्याचा दम सुटेना.

तर अशा माणसाची कंबर दुखायला लागली तर तो सांगेल का? अकरा महिने सांगितलं नाही. बायकोने ओळखलं ते बुटांवरून. नाडीचे बूट कोपऱ्यात गेले आणि सरकवायच्या चपला आल्या. मग तिने पाहिलं की हातातून किल्ली पडली तर गडी ती उचलत नाही, पायाने ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेतो, आणि भिंतीला धरून, गुडघे वाकवून, इंचाइंचाने खाली जातो.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

आणि मग दुसऱ्या मजल्यावरून एक कपडे धुण्याचं यंत्र उतरवताना, शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या असताना, त्याच्या कंबरेत उसण भरली. यंत्र त्याने सोडलं नाही. खाली नेऊन नीट टेकवलं, पट्टा काढला, आणि सरळ उभं राहायला गेला तर शरीर काटकोनातच राहिलं. तो तसाच घरी आला, रस्ताभर फक्त फरसबंदी बघत. शेजारणीने काळजीने विचारलं, "काही हरवलंय का हो? मी शोधू लागू?"

नेहमीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, पाय वर-खाली करून पाहिले आणि म्हणाले की हाड शाबूत आहे, नस दबलेली नाही, स्नायूंनी मात्र संप पुकारलाय. गोळ्या दिल्या, पट्टा दिला, पडून राहू नका पण वजनही उचलू नका म्हणाले. पाच आठवड्यांत काटकोन जरा उघडला, पण खुर्चीत बसलं की उठता येईना आणि उठलं की बसता येईना. गोळ्यांनी पोटाचा पार बोऱ्या वाजला.

सहाव्या आठवड्यात भोंगा घरी आला. आला तो एरवीसारखा गडगडत नाही, पायताणं दाराशी नीट जोडून ठेवून, तेव्हाच खांबाच्या बायकोने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"महिनाअखेरीला संगीतशाळेचं काम आहे," भोंगा म्हणाला. "तिसरा मजला, अकरा पियानो, जिना अरुंद. तोवर तू खाली उभा राहिलास तर आपली गाडी चालू. नाही तर त्या मोठ्या कंपनीने मला बोलावलंय. ट्रक विकून टाकू." मग चहाच्या कपात बघत म्हणाला, "त्यांना मी एकटाच हवाय."

"बरं," खांब म्हणाला.

तो गेल्यावर खांब संध्याकाळपर्यंत खिडकीशी उभा होता. घाबरला होता, दुसरं काय. सव्वीस वर्षं तो ओझ्याखाली उभा राहणारा माणूस होता. ती जागा गेली तर आपण नक्की कोण, हे त्याला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारावं तर विचारायची सवय नव्हती.

पण बायको धाकटी असली तरी बहिणींमधली खमकी तीच. तलावावर रोज सकाळी एक डॉक्टरीणबाई पोहायला यायच्या, चष्मा काढून चाळीस फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा चष्मा लावून जायच्या. सुयांनी दुखणं कमी करतात, असं त्यांच्याबद्दल ऐकलेलं. बायकोने खिडकीतून तिकीट देतादेताच वेळ ठरवून टाकली, आणि घरी येऊन नवऱ्याला नुसतं सांगितलं, "अहो, उद्या चार वाजता."

दवाखाना औषधाच्या दुकानावर, एका खोलीचा. एक उंच पलंग, चेहऱ्यापुरतं भोक असलेला, वर कागदाची लांबलचक पट्टी. स्टीलचा ट्रे. सुया कागदी पाकिटांत एकेक बंद, केसाएवढ्या बारीक, एकदा वापरली की थेट पिवळ्या डब्यात. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या तर खांबाच्या छातीपर्यंत येतील न येतील.

"आधी खरं काय ते ऐका," त्या म्हणाल्या. "सुया मणका नवीन बसवत नाहीत. काहींना चांगला आराम पडतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही. दहा वेळा या, मग ठरवू. सोबत रोज चालायचं आणि मी सांगते ते चार व्यायाम. पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली तर माझ्याकडे यायचं नाही, थेट हॉस्पिटलात जायचं. आणि सुई घातली की आत काय होतंय ते मला सांगायचं. जड वाटलं, भरून आल्यासारखं वाटलं तर छान. टोचलं, झोंबलं, भाजलं, तर मी लगेच काढणार. कळलं?"

"हो," खांब म्हणाला.

त्या दिवशी त्याला पालथं झोपता येईना, म्हणून बाईंनी त्याला खुर्चीवर उलटं बसवलं, पाठ टेकायच्या जागी उशी आणि उशीवर डोकं. कंबरेत चार सुया गेल्या.

"कसं वाटतंय?"

"ठीक."

"जड वाटतंय?"

"ठीक."

पाचवी सुई आत गेली आणि नेमकी नको तिथे गेली. म्हणजे खांबाला ब्रह्मांड आठवलं. कंबरेपासून टाचेपर्यंत जणू कुणी तापलेली तार ओढली. साध्या माणसाने आई गं म्हटलं असतं आणि प्रश्न मिटला असता. पण वजन अंगावर आलं की तोंड मिटायचं, हे याच्या हाडीमासी खिळलेलं. त्याने दात आवळले, खुर्चीची दांडी धरली आणि दम रोखून बसला. बाईंनी पुन्हा विचारलं, "ठीक?" त्याने मानेने हो म्हटलं. कपाळावरचा घाम उशीत गेला, तो त्यांना दिसणार कसा?

अर्ध्या मिनिटात एकशे चार किलो वजन डावीकडे कलंडायला लागलं.

बाहेर बाकावर बसलेल्या बायकोने आतून डॉक्टरीणबाईंचं "अहो, धरा यांना, नको, मला धरा, छे, कुणीतरी या" असं काहीतरी ऐकलं आणि ती आत धावली. बघते तर अठ्ठेचाळीस किलोच्या डॉक्टरीणबाई एका गुडघ्यावर, अंगावर खांब टेकलेला, आणि मोकळ्या हाताने भराभर सुया काढतायत. दोघींनी मिळून त्याला कुशीवर आडवा केला, पायाखाली उशी सरकवली, तोंडावर पाणी मारलं. मिनिटभरात त्याने डोळे उघडले.

"ठीक," तो म्हणाला.

आता मात्र बाई भडकल्या. आणि भडकल्या ते बरोबरच केलं. "ठीक काय ठीक? अहो, तुम्ही इथे पाहुणे म्हणून आलायत का, भीड पडायला? मी तीनदा विचारलं. बोलायला काय धाड भरली होती?"

"बाई, रागावू नका," बायको म्हणाली. "हे खालचे आहेत." आणि तिने जिना, पट्टा, वरचा, खालचा, म्हातारा मालक, दम आणि कपाट, सगळं सांगितलं. आणि बोलताबोलता, आपणही या माणसाच्या 'काही नाही'वर सव्वीस वर्षं विसंबून राहिलो, हे तिला त्या फरशीवर बसून पहिल्यांदा उमगलं.

बाई चष्मा पुसत ऐकत राहिल्या. राग कुठल्या कुठे गेला. मग खांबाजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "असं बघा. इथे वरचे तुम्ही. खालची मी. आत काय आहे ते मला दिसत नाही, पायरी कुठे आणि वळण कुठे ते तुम्हालाच दिसतं. तुम्ही बोलला नाहीत तर मी पाय टाकू कुठे?"

खांब उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते बायकोने पुढे शंभर जणींना सांगितलं असेल. कुणीतरी बंद खोलीत दिवा लावावा तसा तो उजळला, म्हणाली. इतकी वर्षं त्याला सगळे 'बोला हो जरा' म्हणत आले, पण का बोलायचं ते त्याच्या भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळेला तो पालथा झोपू शकला, आणि तिथून जी धमाल सुरू झाली ती काय विचारता. बाईंनी पहिली सुई लावली आणि पलंगाच्या भोकातून घोगरा आवाज आला, "अर्धं बोट डावीकडे."

"इथे?"

"अजून एक. हां. जड. जड येतंय. थांब. आता पोटरीत उतरलं. वळण घेतलं. घोट्यापाशी टेकलं."

बाई हसत होत्या, पण हात थांबला नव्हता. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामात असा रोगी त्यांनी पाहिला नव्हता, असं त्यांनीच सांगितलं. लोक म्हणतात दुखतंय, फार दुखतंय, कमी दुखतंय. हा जिन्याचा नकाशा काढून देत होता.

घरी तर आणखीच मजा. 'जड' आणि 'टोचतंय' एवढ्यावर भागेना, म्हणून दोघं नवराबायको जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले. बायको शब्द सांगायची आणि तो कंबरेवर हात ठेवून ताडून बघायचा. ठणका? नाही, ठणका दाताचा, तो आतून ठोके देतो. कळ? कळ येते आणि जाते, ही गेली नाही. रग? हां, रग आहे, पण ती संध्याकाळी, उभं राहून राहून लागते. आणि सकाळी उठताना? सकाळी अवघडलेलं असतं. वळताना चमक निघते. आणि ती जी पायात सरसरत खाली जाते, ती सणक. सणक वाईट. सणक आली की थांबायचं, असं बाईंनी लाल शाईने लिहून दिलं. खांबाला त्या वहीचा असा नाद लागला की एकदा भाजी निवडताना तो आपणहून म्हणाला, "आज मान आखडलीय." बायकोच्या हातातली जुडी खाली पडली.

सुयांनी आराम पडला का? पडला. सगळं श्रेय सुयांचंच की रोजच्या तीन मैल चालण्याचं की त्या चार व्यायामांचं, ते बाईंनाही छातीवर हात ठेवून सांगता येईना, आणि त्यांनी तसं साफ सांगितलंही. पण सहाव्या वेळेनंतर खांब घरी आला, कोपऱ्यातले बूट काढले, पलंगाच्या कडेला बसला, वाकला आणि नाडी बांधली. मग सोडली. मग परत बांधली. मग दुसऱ्या पायाची. मग तसाच उठून शेजारणीकडे गेला आणि तिच्या दारात पुन्हा सोडून बांधून दाखवली. ती बिचारी भाजी परतायची सोडून टाळ्या वाजवत होती.

तिथून पुढे त्याला आवरणं कठीण झालं. सव्वीस वर्षांचा साठा होता आत. बस थांब्यावर, न्हाव्याकडे, औषधाच्या दुकानात, जो सापडेल त्याला धरून सुई कशी असते, किती आत जाते, रक्त कसं येत नाही, मुंग्या कशा येतात, सगळं साग्रसंगीत. तरणतलावावरचे ते आजोबा याच आठवड्यात सापडले. त्यांनी शेवटी विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?" तर हा म्हणतो, "नाही, मी वरचा." आजोबा टॉवेल घेऊन घरी गेले.

फक्त एका माणसापुढे त्याचं तोंड उघडत नव्हतं. भोंगा आला की खांब पुन्हा खांब. "कसं आहे?" "ठीक." बायको चिडायची. पण भोंग्यासमोर तो खालचा होता, आणि खालचा राहायलाच तर ही सगळी धडपड चालली होती. तिथे बोलून जागा घालवायची का?

"अकरा पियानो?" डॉक्टरीणबाईंनी ऐकलं तेव्हा सुई हवेतच राहिली. "वेडबिड लागलंय का? नाडी बांधता आली म्हणजे पियानो उचलता येतो असं कुठे लिहिलंय? खुर्च्या न्या, वह्यांची खोकी न्या. आणि समजा माझं न ऐकता उचललंतच, तर निदान तिथेही सांगायचं. सणक आली की थांब म्हणायचं."

"तिथे नाही चालत," खांब म्हणाला.

"मग इथे येऊन काय उपयोग?" बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी दोघंही एकमेकांशी जरा घुश्शातच होते.

महिनाअखेर आली. संगीतशाळेच्या अंगणात ट्रक लागला. भोंग्याने खबरदारी म्हणून मालधक्क्यावरचा एक आडदांड गडी रोजावर आणला होता. तो खाली, भोंगा वर, आणि खांबाने हलकं सामान न्यायचं असं ठरलं. खांबाने मान हलवली आणि वाद्यांच्या स्टँडांची मोळी उचलली. पोरांना सरावाला जागा हवी म्हणून शाळा चालूच ठेवली होती. एका खोलीत कुणी गात होतं, दुसरीत कुणी तबकड्यांसारखं काहीतरी आपटत होतं, आणि मधल्या जिन्यावरून भोंग्याचा आवाज दोघांवर ताण करत होता.

मालधक्क्यावरचा गडी ताकदीचा होता, पण त्याच्या तोंडाला खळ नव्हता. "अरे जरा हळू. अरे माझं बोट. अरे थांब ना बाबा, घाम पुसू दे." चौथ्या पियानोला भोंगा तडकला. "याला उचलायला ठेवलाय की गप्पा मारायला?" त्याने सगळ्या जिन्याला विचारलं. "माझा खांब बघा. सव्वीस वर्षांत हूं केलं नाही त्याने." स्टँडांची मोळी घेऊन चाललेल्या खांबाच्या छातीत एकदम काहीतरी भरून आलं. अभिमानच तो. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही काहीतरी आलं आणि त्याला टेबलावरच्या वहीत नाव नव्हतं.

आठवा पियानो ट्रकमध्ये गेला आणि गडी पट्टा काढून म्हणाला, "मला हे जमणार नाही. तुमची बोलणी ऐकायला मी आलो नाही." आणि गेला सुद्धा. वर तीन पियानो राहिले. पाच वाजेपर्यंत इमारत रिकामी करून द्यायची होती. भोंगा जिन्याच्या तोंडाशी कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि काही बोलत नव्हता, म्हणजे प्रसंग खरंच बाका होता.

खांबाने स्टँड खाली ठेवले. पट्टा उचलला.

"जमेल?" भोंग्याने विचारलं.

"ठीक," खांब म्हणाला.

नववा गेला. काय सांगू, लोण्यासारखा गेला. 'एक पायरी, अजून एक, वळण.' खांबाचे पाय आपोआप पडत होते, सगळं जिथल्या तिथे, आणि मनातल्या मनात तो नाचत होता. जागा परत मिळाली होती. दहावा गेला. रग लागली होती, पण रगेला कोण विचारतो. राहिला अकरावा, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जड, आत सबंध लोखंडी चौकट. पहिला जिना उतरून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आले, भोंगा म्हणाला "डावा खांदा आत," खांबाने खांदा आत घेतला, आणि सर्रकन, कंबरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत.

सणक.

वळणावर थांबायची पद्धत नाही. थांबलं की पुन्हा उचलणं दुप्पट जड जातं. आणखी दोन जिने, चौतीस पायऱ्या, दात आवळले असते तर झालं असतं. त्याने आवळलेही. दम रोखला. समोर पियानोची काळी पाठ, नाकापासून वीतभर, तिच्यावर त्याचाच श्वास धुरकट होऊन बसलेला. पलीकडे भोंगा. सव्वीस वर्षांत ओझं उचललं की दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, कारण मधे कायम काहीतरी असायचं. "पायरी," भोंगा म्हणाला. खांबाने पाय मागे टाकायला उचलला आणि परत ठेवला.

"थांब," तो म्हणाला.

वरच्या मजल्यावरचं गाणंसुद्धा तेव्हाच थांबलं असं खांब सांगतो, पण त्याचं काही धरू नका. पियानो मात्र थांबला. हळूच खाली टेकला. खांबाने पट्टा काढला, भिंतीला पाठ लावली आणि वाट बघत राहिला, आता भोंगा काय म्हणतो त्याची. गेली जागा, त्याला वाटलं. आता ट्रक विकणार.

पलीकडून काही आवाज येईना. भोंगा आणि आवाज नाही? खांब पियानोच्या कडेने सरकत वर गेला. भोंगा पायरीवर बसला होता. उजवा हात मांडीत टाकलेला, डाव्या हाताने खांदा घट्ट धरलेला, आणि चेहरा घामाने निथळलेला, पांढराफटक.

"खांद्याला काय झालं?" खांबाने विचारलं.

"नऊ वर्षं झाली," भोंगा म्हणाला. आवाज इतका बारीक की खांबाला वाकावं लागलं. "रात्री या कुशीवर झोपता येत नाही. शर्ट तुझी मेहुणी घालून देते."

"नऊ वर्षं? आणि तू थांब म्हणाला नाहीस?"

"वजन तुझ्यावर. मी नुसतं वरून धरलेलं. खालचा हूं करत नाही आणि वरच्याने दुखतंय म्हणायचं?" भोंग्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. "रोज वाटायचं, आज हा थांब म्हणेल. आज तरी म्हणेल. मोठ्या कंपनीत मी तुला टाकून चाललो नव्हतो रे. तिथे मला टेबलाशी बसून फोन घ्यायचं काम देत होते."

खांब त्याच्या शेजारी पायरीवर बसला, सावकाश, हात टेकत. अरुंद पायरीवर दोन दांडगी माणसं, एकमेकांत रुतून. खालून संगीतशाळेच्या मुख्याध्यापकांनी हाक मारली, सगळं ठीक आहे ना, वेळ होत आली.

उत्तर द्यायचं काम कायम वरच्याचं. भोंग्याने तोंड उघडलं, पण खांबानेच दिलं, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं.

"ठीक नाही," तो म्हणाला. "माझी कंबर दुखतेय आणि याचा खांदा. चार माणसं पाठवा."